खाडीकाठची शाळा : आगरदांडा

मुंबईहून निघून अलिबाग, रेवदंडा, काशीद असा समुद्र उजव्या हाताला ठेवीत मुरूडपर्यंत येणारे प्रवासी पुष्कळ आहेत. बहुतेकांची पावले पुढे राजपुरीच्या धक्क्याकडे वळतात. शिडाच्या होडीत बसावे, जंजिऱ्याच्या दरवाजाशी उतरावे, कलालबांगडी तोफेपाशी उभे राहून छायाचित्र काढून घ्यावे आणि अंधार पडण्याच्या आत परतावे, असा त्यांचा ठरलेला क्रम असतो. तेथून काही मैलांवर असलेल्या आगरदांड्याकडे मात्र ज्याला खाडी ओलांडावयाची आहे तोच जातो. ‘तेथे पाहण्याजोगे काय आहे?’ असा प्रश्न मुरूडच्या खाणावळीत मला विचारण्यात आला. आणि खरोखरच, पाहण्याजोगे म्हणून दाखविता येईल असे तेथे फारसे नाही. एक धक्का आहे, समोर राजपुरीच्या खाडीचे विस्तीर्ण पाणी आहे, आणि त्या पाण्यापलीकडे श्रीवर्धन तालुक्यातील दिघी आहे. या दोन तीरांमध्ये फेरीबोट चालते. मोटारी, फटफट्या, माशांच्या टोपल्या, दप्तरे आणि माणसे एकाच फळीवरून तीत चढतात व एकाच फळीवरून उतरतात.

‘आगर’ हा शब्द कोकणात नारळीपोफळीच्या बागेस लावतात, तसाच मिठागरासही लावतात; आणि ‘दांडा’ हे नाव या किनाऱ्याच्या इतिहासात जुने आहे. दंडाराजपुरी हे नाव ज्यांनी मराठ्यांचा इतिहास वाचला आहे त्यांस सांगावयास नको. खाडीच्या मुखावर सिद्दीचा अभेद्य जंजिरा. त्यापायी शिवछत्रपतींनी व पुढे संभाजी महाराजांनी केलेल्या मोहिमा. आणि याच दंडाराजपुरीची देशमुखी ज्या श्रीवर्धनकर भट घराण्याकडे होती, त्यातील बाळाजी विश्वनाथ सिद्दीच्या जाचामुळे देशावर गेले व १७१३ साली पेशवे झाले. जंजिरा संस्थान १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झाले. कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ साली रायगड झाले. राज्ये गेली, नावे बदलली. खाडीची भरती-ओहोटी मात्र पूर्वीप्रमाणेच चालू आहे, आणि काठच्या माणसांचा दिवस अजूनही घड्याळापेक्षा तिच्याच हुकमाने उगवतो व मावळतो.

ही शेवटची गोष्ट प्रवाशाच्या नजरेस सहसा पडत नाही. शाळेच्या मास्तरांच्या नजरेस तरी ती पडावयास हवी. परंतु तेथेही ती पडतेच असे नाही, हे मला आगरदांड्याहून दिघीकडे जाणाऱ्या बोटीवर कळले. या लेखाचा विषय तोच आहे.

खाडीकाठच्या गावांत कोळी आहेत, आगरी आहेत, कोकणी मुसलमान आहेत, आणि इतरही आहेत. या सर्वांत एक गोष्ट समान आहे : घरचा कर्ता पुरुष पुष्कळदा घरी नसतो. कोणी होडीवर, कोणी मुंबईस चाकरीला, कोणी जहाजावर, कोणी आखाती देशांत. शाळेच्या कागदावर ‘पालकाची सही’ म्हणून जी जागा सोडलेली असते, तीत नाव बापाचे आणि अक्षर आईचे, असा प्रकार येथे नित्याचा आहे. तेव्हा शाळेने ‘पालकांस’ बोलाविले म्हणजे नेमके कोणास बोलाविले, हाच पहिला प्रश्न पडतो.

बोटीवर माझ्या शेजारी एक तरुण शिक्षिका बसली होती. ती मूळची मराठवाड्यातील. काठावरच्या एका शाळेत नेमणूक होऊन तिला थोडेच दिवस झाले होते. बोलता बोलता तिने आपले गाऱ्हाणे सांगितले. तिने पालकसभा बोलाविली होती. मुलांच्या हाती चिठ्ठ्या पाठविल्या, फळ्यावर लिहिले, दोन दिवस आधी पुन्हा आठवण दिली. आणि सभेच्या दिवशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसे आली. ‘या लोकांना मुलांच्या शिक्षणाची आस्थाच नाही,’ असा तिचा निष्कर्ष होता, आणि तो सांगताना तिचा स्वर रागाचा नव्हता, दुखावल्याचा होता.

समोर सुकटीची टोपली पायांशी धरून एक कोळीण बसली होती. तिचा मुलगा याच बाईंच्या वर्गात होता. तिची बोली मला जशीच्या तशी उतरविता येणार नाही, परंतु ती म्हणाली ते असे : ‘बाई, तुमची सभा पुनवेची. पुनवेला आमच्या घरी कोण सापडायचे?’

शिक्षिकेस याचा अर्थ कळला नाही. मलाही तत्काळ कळला नाही. तेव्हा तिने समजावून सांगितले. पौर्णिमेस व अमावास्येस उधाण असते. रायगडच्या किनाऱ्यावर डोल नावाचे जे पिशवीसारखे जाळे लावतात, ते पाण्याच्या ओढीवर चालते. ओढ जितकी जोराची तितकी मासळी अधिक. म्हणून उधाणाचे दिवस हे सुगीचे दिवस. पुरुष पाण्यावर, बायका काठावर. मासळी निवडावयाची, वाळत घालावयाची, बाजार गाठावयाचा. रात्र काय नि दिवस काय! उलट अष्टमीच्या सुमारास भांग असतो. पाण्याला ओढ नसते. तेव्हा जाळी दुरुस्त होतात, देणीघेणी उरकतात, लग्ने ठरतात. ‘सभा अष्टमीला दुपारी ठेवा, सगळ्या येतील,’ असे तिने सांगितले.

एवढ्यावर हे संभाषण थांबले असते तरी ते वाया गेले नसते. परंतु शिक्षिकेने धीर करून मुलाचा विषय काढला. मुलगा हुशार आहे, पण गणितात मागे आहे. अपूर्णांक त्याला काही केल्या उमगत नाहीत, असे तिने सांगितले. कोळीण हसली. घरात भरतीची वेळ तोच तर सांगतो, म्हणाली. कशी सांगतो? तिथीची पाऊणपट करून. षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. अर्ध्यापाऊण तासाची चूकभूल धरावी, पण हिशेब पिढ्यान्‌पिढ्या असाच चालत आला आहे. आजोबांनी त्याला तो शिकविला आणि मुलगा तो तोंडी, क्षणात करतो.

शिक्षिका क्षणभर स्तब्ध झाली. तीन-चतुर्थांशाने गुणणे, हेच तर ती दोन आठवडे फळ्यावर शिकवीत होती! जे गणित मुलाला वहीत येत नव्हते तेच तो घरी रोज करीत होता. मात्र त्या दोन गणितांची ओळख कोणी करून दिली नव्हती. करून देणार कोण? आईला वहीतले ठाऊक नव्हते, शिक्षिकेला खाडीतले. दिघीचा धक्का लागण्यापूर्वी शिक्षिकेने वहीत पुढच्या अष्टमीची तारीख टिपून घेतली आणि त्याखाली ‘तिथी × ३/४’ असे लिहून ठेवले.

सुज्ञ वाचकांस यात काय विशेष आहे असे कदाचित वाटेल. विशेष एवढेच की, शिक्षक आणि पालक यांचे खरे बोलणे कशास म्हणावे हे येथे उघड झाले. आपल्याकडे पालकसभा म्हणजे शाळेने सांगावयाचे व पालकांनी ऐकावयाचे, असा समज आहे. मुलाची हजेरी कमी आहे, अक्षर वाईट आहे, गृहपाठ होत नाही, लक्ष द्या! पालक मान हलवितात आणि घरी जाऊन मुलाच्या पाठीत धपाटा घालतात. यात एकाने दुसऱ्यास जे सांगितले ते दुसऱ्याला आधीच ठाऊक होते. नवे ज्ञान कोणासच झाले नाही. बोलणे तेव्हा होते जेव्हा शिक्षक पालकाकडून असे काही शिकतो, जे त्याला पुस्तकातून किंवा प्रशिक्षणातून कधीच कळले नसते. मुलाविषयीचे निम्मे ज्ञान घरी असते, आणि ते विचारल्यावाचून शाळेत येत नाही.

कायद्याने आपल्या परीने ही वाट मोकळी करून ठेविली आहे. २००९ साली संमत झालेला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेला बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा पुष्कळांस केवळ प्रवेशापुरता ठाऊक आहे. त्याच्या २१ व्या कलमान्वये सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. तिचे किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. योगायोग पहा, तेथेही पाऊणपटच! २४ व्या कलमाने तर शिक्षकाच्या कर्तव्यांतच हे घातले आहे की, त्याने पालकांच्या नियमित सभा घ्याव्या आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता व प्रगती यांची माहिती त्यांस द्यावी. नियम उत्तम आहे. परंतु तो ‘माहिती द्यावी’ म्हणतो. ‘माहिती घ्यावी’ हे त्यात शब्दशः लिहिलेले नाही. ते कायद्याने लिहून होण्यासारखेही नाही. १९१७ साली कोल्हापुरास शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा मुलास शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेविला होता. दंडाने मूल शाळेच्या दारापर्यंत येते. पण मुलाच्या आईने व मास्तराने एकमेकांशी मोकळेपणाने बोलावे, यासाठी कोणता दंड ठेवणार?

या मोकळेपणाच्या आड काय येते, हे फार पूर्वी एका मराठी माणसाने स्पष्ट सांगून ठेविले आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी जे निवेदन सादर केले, त्यात त्यांनी प्राथमिक शिक्षण बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करावे अशी मागणी केली. आणि तिच्या जोडीला, खेड्यांतील शिक्षक शेतकरी वर्गातून निवडावे असे सुचविले. कारण असा शिक्षक त्या लोकांत मिसळेल, त्यांच्या गरजा व इच्छा ओळखील. ब्राह्मण शिक्षक त्यांच्यापासून अलिप्तच राहतो. हे बोल आपल्या वर्गास झोंबणारे आहेत, परंतु ते खोटे आहेत असे कोणी प्रामाणिकपणे म्हणू शकेल काय? ओसरीवर बसून शिकविणाऱ्या किती पंतोजींनी कोळीवाड्याची पायरी चढली होती? आज शिक्षक सर्व जातींतून येतात, ही आनंदाची गोष्ट आहे; पण अलिप्तपणा केवळ जातीचा नसतो. देशावरून बदली होऊन आलेल्या माणसास खाडीची तिथी ठाऊक नसते, आणि ती विचारण्यात आपला कमीपणा आहे असे त्याला वाटले की झाली भिंत तयार.

याच समुद्राच्या काठी, उत्तरेस, ती भिंत पाडून दाखविणाऱ्या दोन स्त्रिया होऊन गेल्या. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केले होते. गिजुभाई तर पालकांस शहाणे करणे हे बालशिक्षणाचे अर्धे काम मानीत, आणि मायबापांसाठी त्यांनी पुष्कळ लिहिले. १९४५ साली ताराबाईंनी डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र काढले. त्यांच्या सोबतीस अनुताई वाघ (१९१०–१९९२) आल्या. अनुताई ब्राह्मण घरातील बालविधवा. लग्न तेराव्या वर्षी, आणि त्यानंतर काही महिन्यांतच वैधव्य. बोर्डीची बालवाडी सुरू झाली, पण ज्यांच्यासाठी ती काढली ती गरिबांची मुले तेथे येईनात. तेव्हा या बायांनी ‘लोकांना आस्था नाही’ असा शेरा मारून वही मिटली नाही. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडी मुलांच्या अंगणात नेऊ, असे त्यांनी ठरविले. आणि त्यातूनच ‘अंगणवाडी’ हा शब्द व ती संस्था जन्मास आली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम सुरू झाले, तेव्हा गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली : गुरे जेथे चरतात तेथे शाळा. शिंपले, बिया, पाने, खडे ही त्यांची शिक्षणाची साधने. केंद्र सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तीत हाच ‘अंगणवाडी’ शब्द देशभर गेला.

आपण या गोष्टीतील साधनांचे कौतुक करतो; मला अंगणाचे महत्त्व अधिक वाटते. अंगणात भरलेली शाळा आई चुलीपाशी बसून पाहू शकते. बाई मुलाशी कशा बोलतात, मूल काय करते, हे तिला कोणी प्रगतिपुस्तकातून सांगावे लागत नाही. आणि बाईंनाही मुलाच्या घरचे सारे दिसते : दळण, आजारपण, धाकटे भावंड कोणाच्या कडेवर आहे, बाप घरी आहे की नाही. सभा न भरविता रोजची सभा होते. फुल्यांनी ज्या अलिप्तपणावर बोट ठेविले त्यास, पाच तपांहून अधिक काळाने का होईना, आपल्यातील एका स्त्रीने असे कृतीने उत्तर दिले, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो खरे. पण तिचा धडा स्वतःच्या घरी लावीत नाही.

कारण हा प्रश्न केवळ खाडीकाठचा आहे, असे कोणी समजू नये. आगरदांड्यास पालक शिक्षकास भितो, म्हणून बोलत नाही. आपल्या शिकलेल्या घरांत शिक्षक पालकास भितो, म्हणून बोलत नाही! निकालाच्या दिवशी गुणपत्रिका हातात घेऊन ‘हा अर्धा गुण कोठे कापला?’ असे विचारण्यास जाणारे वडील आपण पाहतो. त्यांच्यापुढे शिक्षिका हिशेबनिसासारखी उत्तरे देते आणि मूल मध्येच उभे असते. मुलाला रात्री झोप लागत नाही, की त्याला बाकावर शेजारच्याची भीती वाटते, हे त्या अर्ध्या गुणाच्या वादात कोणी बोलत नाही. आता तर शाळांचे भ्रमणध्वनीवरील गट झाले आहेत. दिवसातून दहा सूचना येतात. गणवेश, सहल, शुल्क, सुटी! सूचना वाढल्या म्हणजे संवाद वाढला, असा एक नवा भ्रम त्यातून उत्पन्न झाला आहे.

एकत्र कुटुंबात तर आणखी एक गंमत होते. शाळेत जातात वडील किंवा काका, कारण ते ‘बाहेरचे’ पाहतात. पण मूल अभ्यासाला कोठे बसते, कशाला रडते, कोणत्या गोष्टीने खुलते, हे ठाऊक असते आजीला, आईला, किंवा ज्या काकूच्या कुशीत ते गोष्ट ऐकत झोपते तिला. ज्याला काही ठाऊक नाही तो शाळेत जातो, आणि जिला सर्व ठाऊक आहे ती घरी ‘काय म्हणाले मास्तर?’ एवढेच विचारते. कोळणीचा मुलगा तिथीची पाऊणपट करतो हे जसे त्याच्या आईनेच सांगितले, तसेच आपल्या घरातील मुलाचे गुपितही बहुधा स्वयंपाकघरातच असते. तेव्हा पुढच्या सभेस कोणास पाठवावयाचे, याचा विचार घरात एकदा बसून व्हावा.

शिक्षकांसही दोन शब्द. पालकास पहिल्यांदा बोलवावे ते तक्रारीसाठी नव्हे. ज्याच्या घरी शाळेची चिठ्ठी म्हणजे दोषारोप, तो माणूस शाळेचे दार टाळणारच. सभेचा दिवस आपल्या सोयीने न ठरविता गावाच्या कामकाजावरून ठरवावा : कोळीवाड्यात भांगाचा दिवस, भातशेतीच्या गावात लावणी-कापणी सोडून, ऊसतोडीच्या गावात टोळ्या निघण्यापूर्वी. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. म्हणजे जूनच्या मध्यावर शाळा उघडते तेव्हा पुष्कळ नाखवे घरीच असतात. वर्षाची पहिली सभा घेण्यास याहून चांगला काळ कोणता? आणि सभेत पहिला प्रश्न शिक्षकाने विचारावा : ‘तुमचे मूल घरी काय चांगले करते?’ उत्तरे ऐकून वहीत टिपावी. निम्मी उत्तरे उपयोगी पडली नाहीत तरी हरकत नाही. विचारले गेले, एवढ्यानेच पालकाची मान वर होते.

रेवस ते रेड्डी या नियोजित किनारी महामार्गाच्या योजनेत आगरदांडा आणि दिघी यांमधील खाडीवर पूल आहे. तो होईल तेव्हा लोकांचा वेळ वाचेल, आजारी माणूस लवकर दवाखान्यात पोहोचेल. त्याचे स्वागतच केले पाहिजे. मात्र बोटीवर जी माणसे नाइलाजाने समोरासमोर बसतात, ती पुलावरून आपापल्या वाहनांत शेजारून निघून जातील. शहरांत हे केव्हाच झाले आहे. तेथे समोरासमोर बसण्याची जागा मुद्दाम करावी लागते, वेळ राखून ठेवावा लागतो.

येत्या जूनमध्ये आपल्या घरातील मुलाच्या शाळेकडून सभेची पहिली सूचना येईल. त्या दिवशी मुलाला ठाऊक असणारी पण शिक्षकाला ठाऊक नसलेली एखादी गोष्ट, मग ती चांगली असो वा काळजीची, घरातील थोरामोठ्यांनी मिळून आठवून ठेवावी, आणि ज्याला ती नीट सांगता येईल त्याने शाळेत जावे. गुणांचा विषय शिक्षक काढतीलच. आपली गोष्ट आपण आधी सांगावी.